दिल्ली ते आग्रा : अंतर आणि वेळ

दोन शहरांमधील अंतर कोसांत किंवा किलोमीटरांत सांगणे ही मुख्यतः राज्यकर्त्यांची गरज होय. वाटसरू मात्र ते दिवसांत आणि तासांत मोजत आला आहे. दिल्ली आणि आग्रा यांच्या दरम्यान ही दोन्ही मापे एकत्र पाहावयास मिळतात. बाबराने १५२८ साली आग्रा ते काबूल हा मार्ग मोजून त्यावर ठरावीक अंतराने मनोरे उभारण्याची आज्ञा दिली. पुढे १६१९ मध्ये जहांगीरने आग्रा-लाहोर रस्त्यावर प्रत्येक कोसाला मिनार बांधण्यास फर्माविले. हा रस्ता दिल्लीवरूनच जात असे. पलवल व होडल या परिसरात यांतील काही मिनार अद्याप उभे आहेत. एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. कोस सर्वत्र सारखा नव्हता. साधारणतः तो तीन किलोमीटरांहून थोडा अधिक भरे.

आगगाडीने हे अंतर काही तासांवर आणले. २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या गतिमान एक्सप्रेसने हजरत निजामुद्दीन ते आग्रा छावणी हे १८८ किलोमीटर १०० मिनिटांत कापले. तिचा कमाल वेग तेव्हा ताशी १६० किलोमीटर होता. या वेगाने सारा मार्ग कापता आला असता, तर सुमारे ७१ मिनिटे पुरली असती. उरलेली जवळजवळ अर्धा तासाची वेळ कोठे जाते? गाडीला वेग घेण्यास व उतरविण्यास अवधी लागतो. शिवाय शहरांलगतचे गजबजलेले लोहमार्ग, वळणे, रुळांचे सांधे बदलण्याच्या जागा यांमुळे तिला वेग आवरावा लागतो.

येथे थोडे गणित करून पाहणे उद्‌बोधक ठरेल. १८८ किलोमीटरांच्या संपूर्ण वाटेवर ताशी १५० ऐवजी १६० किलोमीटर वेग ठेवला, तर जेमतेम पाच मिनिटे वाचतात. याउलट, केवळ पाच किलोमीटरांच्या रखडत्या तुकड्यावर ताशी २० ऐवजी ४० किलोमीटरांनी जाता आले, तर साडेसात मिनिटे वाचतात. वर्तमानपत्रांत गाजतो तो कमाल वेग. प्रवाशाची वेळ खरोखर ठरते ती सर्वांत संथ तुकड्यांवर.

रस्त्याचीही हीच कथा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये खुला झालेला यमुना द्रुतगती मार्ग १६५ किलोमीटरांचा आहे. ताशी १०० किलोमीटरांनी तो ९९ मिनिटांत संपतो. परंतु त्याचा आरंभ दिल्लीत नसून ग्रेटर नोएडात होतो. दिल्लीच्या पश्चिम भागातून निघणाऱ्याला तेथवर पोहोचण्यातच मोठा वेळ खर्चावा लागतो, आणि आग्र्यात उतरल्यावर शहराची गर्दी पुन्हा आडवी येते.

हिवाळ्यात तर सारेच हिशेब कोलमडतात. उत्तरेच्या या मैदानावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके उतरते. सिग्नल जवळ आल्याखेरीज दिसत नाहीत, त्यामुळे आगगाड्या मंदावतात आणि एकीचा विलंब मागच्या गाड्यांवर साचत जातो. द्रुतगती मार्गावर या काळात वेगमर्यादा खाली आणली जाते. धुक्यात एकामागोमाग वाहने आदळून तेथे माणसे दगावली आहेत. तेव्हा घाईच्या प्रवाशाला ही मर्यादा कितीही जाचक वाटली, तरी ती रास्तच म्हटली पाहिजे.