आधी कान मोजा, मग स्टँड

आमच्या बैठकीच्या खोलीत, दारापासून तीन पावलांवर, शहाबादी फरशीला सुपारीएवढा खळगा पडलेला आहे. घरचे म्हणतात, तेवढी फरशी बदलून टाका. मी बदलत नाही. चार वर्षांच्या नातवापासून वीतभर अंतरावर बारा किलोचा स्पीकर कोसळला, त्याची ती खूण आहे. पोराला ओरखडाही आला नाही. पेटीचा कोपरा चेचला, वरचं सागाचं व्हिनियर उकललं आणि माझा तोरा उतरला. कारण ज्या स्टँडवरून तो पडला, तो स्टँड मीच हौसेनं, पैसे मोजून आणला होता.

ही जोडी माझ्या थोरल्या मेहुण्यांची. आखातातली नोकरी आटोपून ते १९८०च्या दशकात परत आले, तेव्हा लाकडी खोक्यात भुसा भरून त्यांनी व्हार्फडेलचे हे दोन स्पीकर आणले होते. ते गेल्यावर ताईनं ते माझ्याकडे पाठवून दिले. "तुझ्याशिवाय ऐकणार कोण आहे हे?" एवढंच म्हणाली. पेटी ५३ सेंटीमीटर उंच, २९ रुंद, २५ खोल. वर ट्वीटर, खाली वूफर. सोबत टर्नटेबल आणि भीमसेनजींच्या, कुमारांच्या तबकड्या.

मुधोळ म्हटलं की लोकांना शिकारी कुत्री आठवतात. ते मुधोळ कर्नाटकातलं. आमचं हे बासरजवळचं, गोदावरीकाठच्या मुलखातलं. १९५६पर्यंत आम्ही नांदेड जिल्ह्यात होतो, मग आदिलाबादेत गेलो, २०१६पासून निर्मल जिल्ह्यात आहोत. कागदावरचा जिल्हा बदलत गेला, घरातली मराठी राहिली आणि बसायची पद्धतही राहिली. भिंतीशी गादी, पाठीला लोड, खाली सतरंजी. गाणं ऐकायचं ते मांडी घालूनच. या बसण्याचा स्पीकरच्या स्टँडशी काय संबंध, हे कळायला मला तीन चुका कराव्या लागल्या.

पहिली चूक : जमीन आणि कोनाडा

सुरुवातीला पेट्या सरळ फरशीवर ठेवल्या. पहिल्या दिवशी वाटलं, काय भरदार आवाज आहे! चौथ्या दिवशी कान किटले. डग्ग्यावरची प्रत्येक थाप खोलीभर लोळत होती आणि गायक रांजणात तोंड घालून गातोय असं वाटत होतं. मग आमच्या जुन्या घरातले दोन खोल कोनाडे आठवले. पेट्या त्यांत चपखल बसल्या. आवाज आणखी बिघडला.

कारण साधं आहे. खालचे स्वर पेटीतून चहूकडे पसरतात. जवळ जमीन असली की ते तिच्यावरून परततात आणि मूळ आवाजात मिसळून तो फुगवतात. मागे भिंत आली की आणखी फुगवटा, कोपरा असला तर त्याहून जास्त. कोनाड्यात तर तळ, पाठ, दोन्ही बाजू आणि माथा, सगळीकडून भिंतच. वरच्या स्वरांचं उलटं. ते टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. जमिनीवरच्या पेटीतला ट्वीटर ४५ सेंटीमीटरवर होता, म्हणजे झोत माझ्या पोटावर पडत होता. तानपुऱ्याची जवार कानापर्यंत पोचतच नव्हती.

दुसरी चूक : दुसऱ्याच्या मापाचे स्टँड

आता स्टँड घ्यायचेच, असं ठरवून एका शहरातल्या दुकानातून लोखंडी जोडी आणली. उंची ६० सेंटीमीटर, मध्ये एकच नळी, खाली २५ सेंटीमीटरची चौकोनी पट्टी, दिसायला देखणी. दुकानदार म्हणाला, हेच माप सगळीकडे चालतं. तो खोटं बोलत नव्हता. हे माप चालतं ते लहान पेट्यांना आणि सोफ्यावर बसणाऱ्या माणसांना. बीबीसीनं आपल्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस ३/५ए हा प्रसिद्ध स्पीकर घ्या. त्याची पेटी जेमतेम ३० सेंटीमीटर उंच आणि वजन पाच किलोच्या आसपास. त्याला उंच स्टँड लागतोच. उलट १९७०च्या दशकातल्या बारा इंची वूफरच्या जेबीएल एल १००सारख्या धिप्पाड पेट्या बुटक्या, किंचित मागे कललेल्या स्टँडवर शोभतात आणि वाजतातही. माझी पेटी या दोघांच्या मधली.

स्टँडवर चढल्यावर माझा ट्वीटर १०५ सेंटीमीटरवर गेला. लोडाला टेकून बसलेल्या माझा कान ७५ सेंटीमीटरवर. गाणं डोक्यावरून भिंतीकडे चाललं होतं. त्यातच कुणीसं सांगितलं म्हणून पेट्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढल्या. घुमारा गेला, पण भीमसेनजींच्या आवाजातली छातीही गेली.

त्याचंही कारण नंतर उमगलं. १९५४ साली अमेरिकेत एडगर विलचर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीनं एआर-१ काढला आणि लहान, बंद पेटीतून भरघोस खर्ज निघू शकतो हे दाखवून दिलं. त्यानंतर पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेट्यांची लाट आली. अशा कित्येक पेट्या मागे भिंत असणारच, हे गृहीत धरून जुळवलेल्या होत्या. त्यांना खोलीच्या मध्यावर नेऊन उभं केलं की त्या अशक्त वाटतात. जुना स्पीकर घरी आणताना तो जमिनीसाठी, फळीसाठी की स्टँडसाठी बनला होता, हे आधी विचारा. शक्य असेल तर त्याची मूळ पुस्तिका मिळवा.

या स्टँडचा खरा दोष मात्र कानाला कळणारा नव्हता. जड पेटी वर, हलकी नळी खाली आणि तळ पेटीपेक्षाही अरुंद. सगळा भार उंचावर. दहा अंश कलला की तोल गेलाच म्हणून समजा. उन्हाळ्याच्या सुटीत नातू आला, फरशीवर लोळणारी वायर त्याला दिसली आणि त्याच्या लेखी ती ओढायलाच ठेवलेली होती. पुढचं सांगितलंच आहे.

तिसरी चूक : ओली वाळू आणि सायकलची ट्यूब

एवढं होऊनही शहाणपण आलं नाही. स्टँड जड केले की झालं, असा हिशेब मी मांडला. पोकळ लोखंडी नळी वाजते, तिच्यात वाळू भरली की ती मुकी होते आणि बूडही जड होतं, हे खरं आहे. माझ्या स्पीकरशी तर वाळूचं जुनं नातं. व्हार्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२मध्ये इंग्लंडातल्या इल्कली गावी, घराच्या तळघरात हा उद्योग सुरू केला. पुढे त्यांनी प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरून स्पीकरचे पडदे बनवले. फळी थरथरू नये, एवढाच त्यामागचा विचार.

ब्रिग्ज यांची वाळू कोरडी होती. मी घराच्या बांधकामातून उरलेली गोदावरीची वाळू ऐन पावसाळ्यात ढिगातून उचलली आणि नळीत ओतली. दोन महिन्यांत वेल्डिंगच्या सांध्यांतून तांबडं पाणी पाझरू लागलं. फरशीवर गंजाची दोन वर्तुळं उमटली. वाळू सुकली तशी सांध्याच्या बारीक भोकांतून सांडू लागली आणि घरात रोज केर काढताना माझा उद्धार होऊ लागला. पेटी घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले होते. काळ्या रबरानं जुन्या पॉलिशवर डाग सोडले, ते आजतागायत गेलेले नाहीत.

सुतारमामांचा प्रश्न

शेवटी गावातल्या सुतारमामांना बोलावलं. मी त्यांना कागदावर नक्षीदार स्टँड काढून दाखवला. निर्मलच्या खेळण्यांचं पोनिकी लाकूड वापरता येईल का, हेही विचारलं. मामा हसले. पोनिकी हलकं आणि मऊ. बाहुली कोरायला उत्तम, पण बारा किलोच्या पेटीखाली ते काय करणार? मग माझा कागद बाजूला सारून त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही बसता कुठं? अन् कान कुठं येतो तुमचा?"

मी नेहमीसारखा लोडाला टेकून बसलो. मामांनी खिशातली सुतळी काढली, फरशीपासून माझ्या कानापर्यंत ताणली आणि गाठ मारली. तीच सुतळी पेटीच्या बुडापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंत लावून दुसरी गाठ मारली. दोन गाठींमध्ये उरली ती स्टँडची उंची. ७५मधून ४५ गेले, राहिले ३० सेंटीमीटर. दुकानातल्या स्टँडच्या बरोबर निम्मी.

मामांनी पाडलेल्या एका घराच्या जुन्या सागाच्या तुळईतून चौकटी केल्या. चार जाड पाय, तळ ३६ सेंटीमीटर रुंद, माथा पेटीएवढाच, मागच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी. आज पेटीला खांदा लागला तरी ती हलत नाही.

तुम्ही घेणार असाल तर

उंचीचा हिशेब सुतळीचाच ठेवा : बसल्यावर कानाची उंची वजा पेटीतली ट्वीटरची उंची. साधारण सोफ्यावर कान ९५ ते १०० सेंटीमीटरवर येतो, ताठ खुर्चीत त्याहून वर, गादीवर लोडाला टेकून ७५च्या आसपास. घरात दोन्ही प्रकारचे श्रोते असतील, तर जास्त वेळ ऐकणाऱ्याचा कान धरा आणि बाकीचं काम पेटी कलती करून भागवा.

तळ पेटीच्या रुंदीपेक्षा आणि खोलीपेक्षा मोठाच हवा. विकत घेण्यापूर्वी दुकानात त्यावर पेटीएवढं वजन ठेवायला लावा आणि वरून बोटानं ढकलून पाहा. डुलून परत जागेवर आला तर पुढं बोला. घरात लहान मूल असेल, तर वायर स्टँडच्या पायाला बांधून भिंतीकडे न्या. फरशीवर तिचा वेटोळा राहता कामा नये.

लोखंडी नळीचा स्टँड असेल तर वाळू भरा, पण ती धुऊन, चाळून, मे महिन्याच्या उन्हात चार दिवस पसरून. नाहीतर कढईत भाजून घ्या. फुटाणेवाल्याच्या भट्टीतली वाळू जशी हातातून सुळकन निसटते, तशी ती निसटली पाहिजे. आधी आतून सांधे बुजवा, मग दोन तृतीयांश नळी भरा. कोरडी वाळू लिटरला दीड किलोहून जड असते, तेव्हा तळपट्टीचं वेल्डिंग तेवढं सोसणारं आहे ना, तेही पाहा.

पेटी आणि स्टँड यांच्यामध्ये रबर नको. जुन्या पॉलिशला ते बाधतं. चिकटणारी पुट्टीही जुनं व्हिनियर ओढून काढते. मी जुन्या घोंगडीचे चार चौकोन कापून ठेवले आहेत. बुचाच्या लाकडाच्या चकत्याही चालतील.

स्टँडच्या पायाला टोकदार खिळे लावायची पद्धत गालिच्याच्या घरांतली. गालिचा भेदून खालच्या टणक जमिनीवर टेकावं, यासाठी ते असतात. आपल्या शहाबादीवर ते फक्त ओरखडे काढतात. लावायचेच असतील, तर खाली नाणं ठेवा. फरशी उंचसखल असते, म्हणून कमी-जास्त करता येणारे पाय बरे. लाकडी तक्तपोशीच्या माडीवर ऐकत असाल, तर खिळे नकोतच. सगळी माडी डग्ग्यासारखी घुमेल. तिथं नमद्याचे जाड तुकडे घाला. आणि स्टँड लाकडाचा असेल, तर वर्षातून दोनदा उलटा करून वाळवी पाहा.

भिंतीपासूनचं अंतर पुस्तकावरून ठरवू नका. पेटी भिंतीपासून हातभर ठेवा, एका पुरुषाचं नुसतं बोलणं लावा. बोलणारा रांजणात वाटला तर चार बोटं पुढे, फोनवर बोलल्यासारखा वाटला तर चार बोटं मागे. मग तानपुरा, मग डग्गा. डग्ग्याचा मींड काढलेला स्वर ओळखू आला, नुसती धप्प ऐकू आली नाही, की खुणेसाठी फरशीवर खडूची रेघ मारा.

आणि हे सगळं करण्याआधी पेटीचं आरोग्य तपासा. वूफरच्या कागदाभोवतीची कडा फोमची असेल, तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. बोट लावून पाहा. कडा फाटलेली असेल, तर पैसा आधी दुरुस्तीवर घाला.

दसऱ्याला ताई आली होती. मोठ्या कौतुकानं मी तिला गादीवर बसायला सांगितलं. ती म्हणाली, "गुडघे वाकत नाहीत रे आता," आणि खुर्ची ओढून बसली. तबकडी लागली. थोडं ऐकून ती म्हणाली, "यांच्याकडे असताना आवाज तोंडावर यायचा. हा पायाशी येतोय." बरोबरच होतं. खुर्चीत तिचा कान ११० सेंटीमीटरवर, ट्वीटर ७५वर, अंतर २४० सेंटीमीटर. पेटीच्या पुढच्या कडेखाली साडेतीन सेंटीमीटरची सागाची पट्टी सरकवली, पेटी मागच्या पट्टीला टेकून कलली, तिचं तोंड ताईकडे झालं. ती काही बोलली नाही. तबकडी संपल्यावर मात्र तिनं ती उलटायला सांगितली.

त्या दोन पट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत. हल्ली गादीवरून उठताना मलाही फरशीला हात टेकावा लागतो. मामांची सुतळी खुंटीला आहे, अजून एका गाठीपुरती लांब.