चौकशी म्हणजे नेमकं काय?

होस्टेलवर कोणाची तक्रार झाली की दोनच वाक्यं ऐकू येतात : 'काढून टाका त्याला' किंवा 'पुरावा कुठाय?' या दोन्हींच्या मधला रस्ता मला सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या एका निकालात सापडला.

जून १९७२. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजची काही मुलं रात्री मुलींच्या होस्टेलच्या आवारात शिरली. ३६ मुलींनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राध्यापकांच्या समितीने मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले. संशयितांचे फोटो इतर फोटोंत मिसळून ओळख पटवली. मग एकेका मुलाला बोलावून आरोप सांगितला, त्याचं म्हणणं ऐकलं. शिक्षा झाली : दोन वर्षं कॉलेजबाहेर.

मुलं कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, जबाब आमच्यासमोर का नाही घेतले? कोर्टाने अपील फेटाळलं. मुलींना समोर उभं केलं असतं, तर कॉलेजबाहेर त्यांचं रक्षण कोण करणार होतं?

पण म्हणून 'न ऐकताच काढा' असा याचा अर्थ होत नाही. तक्रार करणारीचं नाव झाकता येतं, आरोप झाकता येत नाही. उद्या आपल्या होस्टेलवर अशी वेळ आली, तर समितीला आधी हेच विचारू या : तिला सुरक्षित ठेवलंत का, आणि त्याचं ऐकलंत का?