गाण्याची माहिती गाण्याच्या पोटात

आजोबांच्या कॅसेट तू संगणकावर घ्यायला काढल्यास, फार चांगलं केलंस. पण बाळा, प्लेअर कोणता घेऊ हे आधी विचारू नकोस. प्लेअर येतात नि जातात. एके काळी घरोघरी विनॅम्प होता. त्यात हौसेने लावलेल्या याद्या आज कुणाकडे उरल्यात? फाइलच्या आत लिहिलेली माहिती मात्र फाइलबरोबरच जाते. तिला टॅग म्हणतात. ‘एमपी३टॅग’ हा प्रोग्रॅम घे आणि एकेक मुद्रण सावकाश भर.

हे टॅग मुळात गायक, अल्बम, गाण्याचं नाव एवढ्याच हिशेबाने केलेले. आपल्या गाण्याला ते पुरत नाहीत. राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे कुठे लिहायचं? त्यासाठी स्वतःचे रकाने करता येतात. ‘राग’ हा रकाना करच. मग ‘फूबार२०००’ या प्लेअरमध्ये सगळे यमन एकाखाली एक लागतात. नाट्यपद असेल तर नाटक, संगीतकार आणि साल हवंच. ‘कट्यार काळजात घुसली’ नाटक १९६७चं, चित्रपट २०१५चा. साल नसेल तर दोन्हींची पदं एकाच अल्बमात मिसळतात. नावाचं स्पेलिंगही एकच धर. भीमसेनजी दोन तऱ्हांनी लिहिलेस की यादीत दोन गवई दिसतात.

‘पिकार्ड’ नावाचा प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो, पण ते बाजारात आलेलं आणि त्याच्या संग्रहात नोंदलेलं असेल तरच. घरगुती मैफल तो ओळखणार नाही. ती माहिती फक्त आजोबांकडे आहे. त्यांना रोज संध्याकाळी एक कॅसेट ऐकव आणि ते सांगतील ते तिथल्या तिथे लिहून घे. हे काम सगळ्यांत आधी.

‘ऑडॅसिटी’ या प्रोग्रॅममध्ये मुद्रण केलंस की मूळ प्रत आवाज न गमावणाऱ्या फ्लॅकमध्ये ठेव, मोबाइलसाठी तिची एमपी३ कर. उलटं करू नकोस, एमपी३ची फ्लॅक करून गेलेला आवाज परत येत नाही. आणि कॅसेटची खरखर काढताना हात आखडता घे. जास्त पुसलंस तर खरखरीबरोबर तानपुराही जातो. न पुसलेली प्रत वेगळी राहू दे.

गाण्यांबरोबर व्हिडिओही असतील, तर त्यांना व्हीएलसी हा प्लेअर पुरे. सबटायटलच्या फाइलला व्हिडिओचंच नाव देऊन एकाच फोल्डरमध्ये ठेवलीस की ती आपोआप उघडते. मराठी अक्षरं विस्कटली, तर ती फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह कर. ओळी आधीच येत असतील तर ‘एच’, मागे पडत असतील तर ‘जी’ दाब. एका दाबाला ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो.

एकाच डिस्कवर विसंबू नकोस. दोन प्रती कर आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेव. माझ्याकडे आणून दे, मी सांभाळते.