हॅकिंग शिकायचंय? आधी आपलंच कुलूप तोडा!

हॅकिंग क्लब काढला की होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, “वाय-फायचा पासवर्ड काढून देशील का?” आणि स्टाफरूममधला प्रश्नही ठरलेलाच, “पोलीस तर येणार नाहीत ना?” दोघांनाही उत्तर द्यायचं असेल, तर वर्कशॉपची आखणी नीट हवी.

खरं तर ‘हॅक’ हा शब्द चोरांचा नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबच्या मुलांनी तो रूढ केला. यंत्रणा खोलून बघायची, समजून घ्यायची आणि आणखी चांगली करायची, म्हणजे हॅक! पण यंत्रणा कोणाची, हे महत्त्वाचं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं कलम ४३ मध्ये येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सर, गंमत केली’ म्हणायची वेळच कशाला आणायची?

म्हणून नियम पहिला : तोडायची वस्तू स्वतःची. दोघांत एक लॅपटॉप, त्यात व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हर्च्युअल मशीनवर डीव्हीडब्ल्यूए, म्हणजे शिकण्यासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट. नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’ ठेवा, म्हणजे खेळ लॅपटॉपबाहेर जात नाही. काली लिनक्स पहिल्या दिवशी लागत नाही, ब्राउझर पुरतो! सगळ्या फाइल्स आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर वाटा, नाहीतर अर्धा दिवस डाउनलोडमध्ये जातो.

नियम दुसरा : एका वेळी एकच खिंडार. उदाहरणार्थ एसक्यूएल इंजेक्शन. लेव्हल ‘लो’ ठेवून यूजर आयडीच्या चौकटीत फक्त एक एकेरी अवतरणचिन्ह टाका. डेटाबेसची एरर आली? म्हणजे तुम्ही टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत मिसळतोय. इथे थांबा आणि सगळ्यांना विचारा, ‘असं का झालं?’

नियम तिसरा, आणि सगळ्यात महत्त्वाचा : जेवढा वेळ तोडायला, तेवढाच दुरुस्तीला. ‘इम्पॉसिबल’ लेव्हलचा कोड उघडा. तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट दिसेल. क्वेरीचा सांगाडा आधी पक्का होतो, यूजरची माहिती नंतर वेगळी जाते, त्यामुळे ती हुकूम बनू शकत नाही. आता तेच अवतरणचिन्ह पुन्हा टाकून बघा. काहीच होत नाही! ही शांतता ऐकायलाच वर्कशॉप असतं. कारण फायनल इयर प्रोजेक्टचं लॉगिन पेज आपणच लिहिणार आहोत, आणि उद्या कुठल्यातरी बँकेचं किंवा हॉस्पिटलचंही.

लेखी परवानगी घ्या, एखाद्या सरांना किंवा मॅडमना पूर्ण वेळ बसवा. तेही शिकतील! आणि येताना चार्जरसोबत एक्स्टेन्शन बोर्ड आणा. लॅबमधले प्लग कधीच पुरत नाहीत.