पंचनाम्याच्या कागदाबाहेर

माझी बहुतेक नोकरी भूम-परंडा भागात झाली. कृषी सहायकाची. अवर्षण, गारपीट, अतिवृष्टी, जे येईल त्याचे पंचनामे करायचे आणि वर पाठवायचे. आता निवृत्त आहे. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा पंचनामा करणाऱ्या नव्या पोरांच्या मागं शेतकऱ्यांत उभा होतो. या कामात जे कळत गेलं ते लिहून ठेवतो.

१. पाऊस शिवारात पडतो, मोजला जातो मंडळात.

२४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पण तो मोजणारं यंत्र महसूल मंडळाला एक. पाऊस सगळीकडे सारखा पसरून यायचा तोवर हे खपून गेलं. आता एका शिवारात ढग रिता होतो आणि दोन गावं सोडून धूळ उडते. मंडळाच्या गावी ४० मिलिमीटर भरले की दहा किलोमीटरवर ज्याची माती वाहून गेली तो माणूस कागदावर कोरडाच.

२. भरपाई सातबाऱ्याला मिळते, कसणाऱ्याला नाही.

हे समजायला डोकं लागत नाही, शेतात उभं राहावं लागतं. सोयाबीन काढून गंजी लावलेली, वरून ताडपत्री, आणि खालून पाणी शिरलेलं. गंजीत हात घातला तर आत वाफ, शेंगांतनं पांढरे कोंब बाहेर आलेले. बाई कडेला उभी. जमीन निम्म्या बटईनं केलेली. निम्मं बी-खत तिचं, फवारणी तिची, खुरपणी तिची आणि तिच्या सासूची. कागदावर नाव कुणाचं लिहायचं? ती म्हणाली, "मालक पुण्याला असतेत, त्यांचंच लिवा. पैसे आले तर देतो म्हनलेत."

कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये हा २०२५ला केंद्राच्या निकषाचा दर होता. तो मालकाच्या खात्यावर जातो. मालक भला असला तर निम्मे देतो. मी भले मालक पाहिलेत, नाही असं नाही. पण न्याय कुणाच्या भलेपणावर सोडायचा नसतो.

मग बटई कागदावर का येत नाही? भीती. मराठवाड्यात निजामाचं राज्य गेल्यावर १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला. कसणाऱ्या कुळाला जमीन मिळावी हा त्याचा हेतू. त्याच कायद्याच्या धास्तीनं आज मालक साध्या वहीच्या पानावरही बटईदाराचं नाव घालत नाही. २०२१ला मोबाइलवर ई-पीक पाहणी आली, तीही खातेदाराच्याच नावानं. पीक विमा काढतानाही हीच अडचण. बायकांचं तर विचारूच नका. १९९२ला लक्ष्मीमुक्ती योजना आली, नवऱ्यानं हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं म्हणून. ती नावं शोधायला मला चष्मा पुसावा लागायचा.

३. दुष्काळ सगळ्यांना येतो, पण आधी आडाला येतो.

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच सुमारास आमच्याकडे रात्री-अपरात्री तमिळनाडूच्या पाटीच्या बोअरच्या गाड्या घरघरत होत्या. ६० मीटरच्या खाली शेतीसाठी विहीर पाडायची नाही, असं २००९चा राज्याचा भूजल कायदा म्हणतो. गाडी ६०ला थांबलेली मी तरी पाहिली नाही. ज्याच्याजवळ पैसा त्याचं पाणी खोल. तो ते उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरतो आणि शेजाऱ्याची विहीर डिसेंबरातच उघडी पडते. शेततळं पावसाचं पाणी धरायला होतं, हे योजनेच्या कागदावर.

याच्या उलट काम महाराष्ट्रातच झालंय. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं पाणी, जमीन किती आहे ते बघायचं नाही. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाणी जमिनीबरोबर जात नाही. मी ही माहिती एका ग्रामसभेत सांगितली, तेव्हा पहिल्या रांगेतले लोक मोबाइल बघायला लागले. मागच्या रांगेतले मात्र ऐकत होते.

४. ज्वारी गेली की फक्त ज्वारी जात नाही.

पावसाचा भरवसा सुटला, रोकड लवकर हवी, म्हणून सोयाबीन वाढलं. रब्बीची ज्वारी आखडली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरं. काढणीच्या मजुरीत धान्य मिळायचं, त्यावर भूमिहीन घर निम्मं वर्ष काढायचं. तेही गेलं. सोयाबीनला आता मळणीयंत्र, नाहीतर हार्वेस्टर. हे नुकसान कुठल्या रकान्यात भरायचं?

५. कोयत्याचा पंचनामा होत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. पुरानं ऊस लोळवला, हंगाम लांबला किंवा लवकर आटपला, तर तोड कमी भरते. उचल तेवढीच राहते, पुढच्या साली फिरते. फेब्रुवारी-मार्चात ऊन वाढतं तसे पहाटे तीनला फडात शिरतात. कारखान्याच्या पट्ट्यात पूर आला की उसाच्या मालकाकडे कॅमेरे जातात. तोडणाऱ्याचं घर दोनशे किलोमीटर लांब, त्याच्याकडे कोण जाणार?

६. माती विकत मिळत नाही.

खरडून गेलेल्या जमिनीला २०२५ला हेक्टरी ४७,००० रुपये होते. परंड्याच्या खाली नदीकाठाला वीतभर काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडलेला पाहिला. ट्रॅक्टरनं तलावातला गाळ आणून टाकायचा तर डिझेलच किती लागेल, हे शेतकऱ्यानं माझ्यासमोर बोटांवर मोजलं आणि मधेच सोडून दिलं.

७. यादी चावडीवर वाचायला लावा.

नुकसानीची यादी जाहीर वाचली की खोटी नावं गळतात, राहिलेली दिसतात. तेवढ्यावर थांबू नका. बटईदार, मेंढपाळ, मजूर, शेळी वाहून गेलेल्या विधवा, यांची वेगळी यादी ग्रामसभेच्या ठरावात घालून घ्या, इतिवृत्ताची सहीशिक्क्याची नक्कल मागा. शेळीलाही निकष आहे, २०२५ला तो ४,००० रुपयांचा होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि फोटो काढताना शेताबरोबर कसणारा माणूसही त्यात येऊ द्या. मालक नंतर काहीही म्हणू दे, गंजीशेजारी कोण उभं होतं ते त्या फोटोत राहतं.