कुकीचा शोध चुकून लागत नाही

बीड जिल्ह्यातल्या उमापुरातली एखादी मुलगी बारावीनंतर ‘मला बेकिंगमध्येच करिअर करायचंय’ म्हणाली, तर आई-वडिलांच्या पोटात गोळा येणारच. ‘भाजणं-रांधणं घरीही शिकता येतं, त्यासाठी फी कशाला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. चॉकलेट चिप कुकीची प्रचलित कथा त्यांच्याच बाजूची वाटते: अमेरिकेतल्या रूथ वेकफिल्ड यांच्याकडचं बेकिंगचं चॉकलेट संपलं, त्यांनी साध्या चॉकलेटचे तुकडे टाकले, ते विरघळले नाहीत आणि कुकी जन्मली. पण वेकफिल्ड 1924 मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या संस्थेतून गृहशास्त्र शिकल्या होत्या. पुढे त्यांनी आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, गृहशास्त्र शिकवलंही. 1930 मध्ये, ऐन मंदीत, पतीसोबत व्हिटमन गावी ‘टोल हाऊस’ घेऊन तिथे उपाहारगृह चालवलं. कुकी आली त्यानंतर काही वर्षांनी, 1938च्या सुमारास. न ढवळलेलं चॉकलेट घट्ट पिठात आकार धरून राहतं, हे इतक्या अनुभवी बाईला ठाऊक नसेल? आइस्क्रीमबरोबर द्यायच्या जुन्या कुकीऐवजी वेगळं काही हवं होतं, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

‘नाव झालं, पैशाचं काय?’ ही शंका रास्त आहे. 1939 मध्ये त्यांनी कृती छापण्याचा हक्क नेस्लेला दिला, तोही अवघ्या एका डॉलरला, असं सांगतात. म्हणून हिशेब आणि करार वाचणं हाही या शिक्षणाचाच भाग मानावा.

‘अमेरिकेचं इथे काय?’ असंही कुणी म्हणेल. बीडच्या बाजरीचंच बिस्किट करून पाहा. बाजरीत ग्लुटेन नसल्याने ते भुरभुरतं आणि पीठ लवकर कडू पडतं. यावर उपाय शोधायला अन्नशास्त्रच लागतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बारावी विज्ञाननंतर अन्नतंत्रज्ञानाची चार वर्षांची बी.टेक. पदवी आहे; दहावीनंतर आयटीआयचा ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, मात्र तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. स्वतःची बेकरी चालली नाही, तरी अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीधराला बिस्किट, दूध किंवा फळप्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम मिळू शकतं. तेव्हा पालकांनो, नकार देण्याआधी या दोन्ही अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं आणा आणि मुलीसोबत बसून वाचा.