लायसन्स मिळतं, पण पुढे?

नर्सिंगच्या कोर्सला राष्ट्रीय अ‍ॅक्रेडिटेशन नसलं तरी अमेरिकेत नर्स होता येतं. मी झाले. कॅलिफोर्नियातल्या एका खासगी कॉलेजातून असोसिएट डिग्री घेतली, एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास झाले, हॉस्पिटलात नोकरीही लागली. त्यामुळे ‘असल्या कॉलेजाच्या वाटेलाच जाऊ नका’ असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. मात्र पुढे कुठे कुठे अडेल, हे प्रवेशाच्या वेळी कॉलेजवाले आपणहून बोलत नाहीत. मला तरी कुणी बोललं नव्हतं.

घोळ होतो तो इथे, की एकाच कॉलेजवर तीन निरनिराळे शिक्के असू शकतात. पहिला राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या मंजुरीचा. तो नसेल तर विषयच संपला, कारण परीक्षेला बसण्यासाठी तोच लागतो. दुसरा अख्ख्या कॉलेजच्या अ‍ॅक्रेडिटेशनचा. विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्र सरकारचं शिक्षणकर्ज त्याच्यावर अवलंबून. तिसरा फक्त नर्सिंगच्या कोर्सचा. तो एसीईएन, सीसीएनई किंवा त्या मानाने नवी सीएनईए या संस्थांपैकी कुणीतरी देतं. (जुन्या कागदांवर एनएलएनएसी दिसलं तर गोंधळू नका, 2013 मध्ये तिचंच नाव एसीईएन झालं.) सीसीएनई बॅचलर्सच्या खालच्या कोर्सकडे बघतच नाही, म्हणजे असोसिएट डिग्रीवाल्यांनी उरलेल्या दोघींच्या याद्या बघायच्या. बऱ्याच राज्यांत हा तिसरा शिक्का ऐच्छिक असतो. ‘आमचं कॉलेज पूर्ण अ‍ॅक्रेडिटेड आहे’ असं मला जे सांगितलं गेलं ते दुसऱ्या शिक्क्याबद्दल होतं. खोटं नव्हतं, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल.

अडलं ते नोकरीत स्थिरावल्यावर. माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारची जी हॉस्पिटलं आहेत, त्यांतल्या एका जागेसाठी मी अर्ज करायला घेतला. पगार चांगला, वर पेन्शन. पात्रतेच्या अटींत लिहिलेलं होतं की डिग्रीचा कोर्स एसीईएन किंवा सीसीएनईने मान्य केलेला हवा, आणि तोही उमेदवाराने तो पूर्ण केला त्या वेळी. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. माझ्या कॉलेजला नंतर अ‍ॅक्रेडिटेशन मिळालं, पण माझ्या डिग्रीला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून ‘आम्ही अर्ज केलाय, आता कॅन्डिडसी मिळाली आहे, तुमची बॅच बाहेर पडेपर्यंत काम होईल’ या आश्वासनावर प्रवेश घेऊ नये. कॅन्डिडसी ही अ‍ॅक्रेडिटेशनच्या आधीची पायरी, अ‍ॅक्रेडिटेशन नव्हे, आणि ते मिळेलच याची हमीही नव्हे. लष्करातली नर्सिंगची नोकरी मनात असेल त्यांनीही ही अट आधी वाचावी. पुढच्या शिक्षणातही तेच. मास्टर्सचे काही कोर्स आधीची डिग्री अ‍ॅक्रेडिटेड कोर्सची आहे का, ते सरळ विचारतात.

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी सरकारी कम्युनिटी कॉलेजांकडेही हा तिसरा शिक्का नाही, आणि तिथून शिकलेल्या मुली स्टेट युनिव्हर्सिटीत जाऊन बॅचलर्स करतात. मीही शेवटी तसंच केलं. फी कमी, निकाल चांगला आणि आसपासची हॉस्पिटलं तिथल्या मुलींना घेत असतील, तर अशा कॉलेजात मी माझ्या भाचीलाही बिनदिक्कत पाठवीन. खासगी कॉलेजची गोष्ट वेगळी. कम्युनिटी कॉलेजची वेटिंग लिस्ट किंवा लॉटरी चुकवण्यासाठी आपण तिथे कित्येक पट फी मोजतो. एवढे पैसे घेऊन जे कॉलेज अ‍ॅक्रेडिटेशनचा खर्च आणि तपासणी अंगावर घेत नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते.

आपल्या लोकांचा आणखी एक प्रश्न असतो. नवऱ्याच्या नोकरीमागे आज सॅन होजे, उद्या डॅलस. कॅलिफोर्निया परस्पर लायसन्सच्या करारात नाही, तेव्हा दुसऱ्या राज्यात गेलं की नवा अर्ज आलाच. ते होऊन जातं. पण आपल्या कॉलेजची ओळख असलेली युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटलं मागे राहतात, आणि नव्या गावात फक्त कागद बोलतो. ज्यांचा मुक्काम पक्का नाही त्यांनी अ‍ॅक्रेडिटेड कोर्सच धरावा, त्यासाठी एखादं वर्ष थांबावं लागलं तरी.

तपासणी स्वतः करा. एसीईएनच्या यादीत कॉलेजचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. तुमची डिग्री आणि तुमचा कॅम्पस त्यात आहे का ते बघा. पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण बोर्ड कॉलेजवार जाहीर करतं. कॅलिफोर्नियात ते किमान 75 टक्के असावं लागतं, आणि त्या रेषेला चिकटून चालणारं कॉलेज मी टाळेन. पुढे जिथे बॅचलर्स करायचंय त्या युनिव्हर्सिटीला ईमेल करून विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. कॉलेजकडूनही असंच लेखी मागा. टाळाटाळ झाली तर चेक पर्समध्येच राहू द्या. जागा भरत आल्यात, असं ते दर सत्राला सांगतात.